डिंपल इंजिनिअरिंगचा दिल्लीशी संबंध

तोताराम नानांना कुणी ‘मशीन दाखवा’ म्हटलं, की त्याचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजायचं. मुक्ताईनगरला हमरस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड आहे, आणि शेडवर पाटी आहे, ‘डिंपल इंजिनिअरिंग वर्क्स’. डिंपल ही नानांची एकुलती एक लेक. आपल्याकडं रिक्षापासून रसवंतीपर्यंत सगळ्यांना पोरांची नावं असतात, तसंच हे. शेड उभी राहिली तेव्हा पोर रांगत होती, आणि पाटी रंगवणाऱ्यानं नाव विचारल्यावर नानांना दुसरं काही सुचलंच नाही. या नावाचा उद्या कुणी कोर्टात उभं राहून अर्थ लावील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

केळीचा घड उतरला की उरलेलं खोड लोक बांधावर फेकतात. ते तिथं सडतं आणि वास मारतं. नानांचं मशीन त्या खोडाच्या सालींतून धागा काढतं. साल एका बाजूनं आत सरकवायची, ड्रम फिरतो, पाणी आणि गर खाली गळतो, हातात पांढरा धागा उरतो. पहिल्यावहिल्या मशीनमध्ये जाड साल आली की ड्रम अडायचा. नानांनी भंगारातल्या लुनाच्या स्प्रिंगा काढून साल ड्रमवर दाबणाऱ्या रुळाला बसवल्या. जाड साल आली की रूळ आपोआप मागं सरकायला लागला. एवढीच ती करामत, पण नानांना तिचं असं काही कौतुक, की येईल त्याला झाकण उघडून दाखवायचे. शेतकी कॉलेजची मुलं यायची, बचत गटाच्या बाया यायच्या, कुठल्या कुठल्या कंपन्यांची शर्ट खोचलेली माणसं यायची. फोटो काढू का म्हणून विचारलं, तर नाना स्वतः बॅटरी धरून उजेड दाखवायचे.

“पोर जलमल्यावर दाखवाले आनली तवा बी इतलं कौतुक नव्हतं केलं तुमी,” असं त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणायच्या. नानांना तो टोमणा वाटायचाच नाही.

म्हणून त्या दिवशी शेडसमोर पांढरी गाडी थांबली आणि काळ्या कोटातला एक तरुण हवालदाराला घेऊन उतरला, तेव्हा नानांना वाटलं, हेही मशीन बघायलाच आलेत. कटाईचा हंगाम जोरात होता, तीन मशीनं तयार होऊन उभी होती. नानांनी सवयीनं झाकण उघडलं, साल आत सारली, रूळ मागं कसा सरकतो ते दाखवलं. त्या तरुणानं अगदी मन लावून पाहिलं, फोटो घेतले, झाकण लावलं आणि त्यावर लाखेचं सील मारलं.

मग दुसऱ्या मशीनला सील लागलं, मग तिसऱ्याला. हवालदार ओळखीचा होता, त्यानं मान खाली घातली. काळ्या कोटवाल्यानं हिंदीत सांगितलं, की तो दिल्लीच्या कोर्टानं नेमलेला कमिशनर आहे, नानांवर दावा लागलाय आणि कोर्ट सांगेपर्यंत त्यांनी हे मशीन बनवायचं नाही, विकायचं नाही. सुनंदाबाईंनी त्या माणसासाठी चहा ठेवला होता. तो तसाच उकळून आटला.

दुसऱ्या दिवशी नाना कागदांचं बाड घेऊन जळगावला गेले. तिथं कांतीलालशेठ यांच्याकडून ते वर्षानुवर्षं पत्रा आणि पाइप घेत. शेठची मुलगी हिना वकील होती. लहानपणी ती दुकानात बसलेली असायची तेव्हा नाना तिला गोळ्या आणायचे, त्यामुळं फीचा विषय निघायच्या आधीच तिनं बाड हातात घेतलं.

“नाना, एका कंपनीनं तुमच्या त्या स्प्रिंगच्या रुळाचं पेटंट घेतलंय,” ती म्हणाली. “म्हणजे हा शोध त्यांचा, दुसऱ्या कुणी बनवायचा नाही, असा हक्क. तुम्ही तो चोरला असं त्यांचं म्हणणं आहे.”

“मी चोरला?” नानांनी पुन्हा पुन्हा तेवढंच विचारलं. “हिनाताई, मी चोरला?”

“त्यांनी पेटंट मागायच्या आधीपासून तुम्ही हे बनवताय, एवढं दाखवलं की त्यांचं पेटंटच टिकत नाही. साक्षीदार आहेत?”

“सारं गाव हाये. बेबाबाईच्या मळ्यात पह्यलं मशीन अजून चालू हाये.”

“तीच तर अडचण आहे. गाव इथं आहे आणि दावा दिल्लीत.”

मग तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं. पेटंटच्या दाव्यात कंपनीला मनाला येईल त्या गावच्या कोर्टात जाता येत नाही. ज्याच्यावर दावा करायचा तो जिथं राहतो, धंदा करतो, तिथं जावं लागतं. नाहीतर जिथं मुळात ती गोष्ट घडली तिथं. दिल्लीत मशीन विकलं गेलं असं कंपनीनं लिहिलं होतं, म्हणून दावा दिल्लीत. तारखा मोबाइलवर बघता येतील, पण साक्षी तिथं, उलटतपासणी तिथं, मशीन उघडून दाखवायचं तेही तिथं. बेबाबाईंसारख्या बाया मळा सोडून दिल्लीला किती वेळा जाणार?

“दावा कुठं चालायचा, हे ठरलं की तो कोण जिंकणार हे जवळजवळ ठरलंच, नाना. तुम्ही दिल्लीत कधी काही विकलंय का? आठवून सांगा.”

“एक नट सुदा नाई विकला. माह्या दिल्लीशी काय संबंध? पोर तठी देलेली हाये, तेवढाच.”

हिनानं त्या वाक्याकडं लक्ष दिलं नाही. तिनंच काय, खुद्द नानांनीही दिलं नाही.

तिनं दिल्लीच्या त्या कोर्टात अर्ज केला, की हा दावा इथं चालूच शकत नाही, तो परत करा, जळगावला दाखल करू द्या. कोर्टानं अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, की हा मुद्दा शेवटी, सगळ्या पुराव्यासोबत बघू. शेवटी म्हणजे सगळं दिल्लीत चालून झाल्यावर! हे म्हणजे लग्न लावून झाल्यावर पत्रिका बघण्यातला प्रकार झाला. इकडं मशीनं सील होऊन पडलेली, कटाईचा हंगाम हातचा निघालेला, बचत गटाच्या बाया रोज येऊन लाखेकडं बघून परत जायच्या. नाना शेडमध्ये बसून असायचे. ज्या माणसाच्या हाताला कधी बसणं माहीत नव्हतं, तो दारातून जाणाऱ्या ट्रक मोजीत बसायला लागला.

हिनानं मग वरच्या कोर्टात धाव घ्यायचं ठरवलं. “परमादेश मागायचा,” ती म्हणाली. “खालच्या कोर्टानं निकाल असाच द्या, असं आपण सांगत नाही. फक्त म्हणायचं, की दावा चालवायचा अधिकार इथं आहे की नाही, हे आधी ठरवणं त्याचं काम आहे. ते त्याच्याकडून आधी करून घ्या, असा हुकूम वरच्या कोर्टानं द्यायचा. सहसा देत नाहीत. पण आपली बाजू स्वच्छ आहे.”

सुनावणीच्या दिवशी नाना आणि सुनंदाबाई हिनाच्या ऑफिसात पडद्यासमोर बसले होते. हिना बोलली आणि छान बोलली. न्यायाधीशांनी दोनदा मान हलवली. मग कंपनीच्या वकिलानं पडद्यावर एक फोटो लावला.

फोटोत नानांचं मशीन होतं. नेहमीपेक्षा लहान, पिवळ्याधमक रंगाचं, कडेनं लाल फुलांची वेल काढलेलं. पितळेच्या पट्टीवर कोरलेलं होतं, ‘डिंपल इंजिनिअरिंग वर्क्स, मुक्ताईनगर’. मशीनवर हात ठेवून एक बाई हसत उभी होती. ती डिंपल होती.

“महोदय, या बाई दिल्लीत राहतात,” वकील म्हणाला. “मशीन चालवून दाखवतात, विकतात. आमच्या माणसानं त्यांच्याकडूनच ते घेतलं. धंद्याचं नाव डिंपल, विकणारीचं नाव डिंपल, आणि हे गृहस्थ शपथेवर सांगतात की दिल्लीशी माझा संबंध नाही.”

सुनंदाबाईंनी पदर तोंडावर घेतला. हिना नानांकडं बघत राहिली. आपल्याशी अशील खोटं बोललं असं वकिलाला वाटलं, की त्याचा चेहरा कसा होतो, ते नानांनी त्या दिवशी पाहिलं. न्यायाधीशांनी खुलासा मागितला आणि तारीख दिली.

ते मशीन रुखवतातलं होतं. डिंपलचं लग्न झालं पियुषशी, मूळ घर नरडाण्याचं, पण पियुष दिल्लीच्या फळबाजारात केळीच्या आडतीवर कामाला. लग्नात बाकीच्यांच्या रुखवतात शेवया, कुरडया, लोकरीचे मोर. नानांनी मधोमध मांडलं ते कंबरेएवढं मशीन, स्वतः रंगवलेलं. मंडपातले लोक जेवण सोडून बघायला आले होते. फक्त विहीणबाई झुंबरबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या, “फ्रिज नही दिधा, हाई दिधं.” ते मशीन डिंपलनं पुढं दिल्लीला नेलं. दोन खोल्यांच्या घरात ते गॅलरीत उभं होतं आणि त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

नानांनी तिथूनच, हिनाच्या ऑफिसातून, लेकीला फोन लावला. उगाच काळजी नको म्हणून तिला दाव्याचं अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

“हां, आला व्हता ना एक मानूस,” डिंपल उत्साहानं सांगू लागली. “दारात येऊन इचारलं, डिंपल इंजिनिअरिंगचं मशीन आठी भेटते का? नाना, दिल्लीत तुमचं नाव इचारत कोनी आलं! मी म्हनलं, मीच डिंपल. त्याले चालवून दाखोलं, चहा केला. तो लईच मागं लागला, म्हून देऊन टाकलं. तुमाले घरी आल्यावर सांगणार व्हती. तुमाले आनंद व्हईन म्हून.”

नानांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. रागवायचं कुणावर? झाकण उघडून येईल त्याला दाखवायची खोड तिनं काही शेजाऱ्यांकडून उचलली नव्हती.

हिनाला सगळं ऐकून हायसं वाटलं. म्हणजे नाना खोटं बोलले नव्हते. मशीन लग्नात दिलेलं, म्हणजे ते डिंपलचं. तिनं ते विकलं, ते तिनं विकलं, नानांनी नाही. हिनानं लगेच शपथपत्र तयार केलं आणि वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: ‘डिंपल हिचा डिंपल इंजिनिअरिंग वर्क्सशी कोणताही संबंध नाही, तिनं जे केलं ते माझ्या संमतीविना आणि माझ्या नकळत केलं आहे.’

नानांचा हात सहीच्या जागेवर थांबला.

“कोनताही संबंध नाई, असं लिवलं?”

“नाना, हा धंद्यातला संबंध. बापलेकीचा नाही. हे लिहिल्याशिवाय दावा दिल्लीतून हलत नाही.”

“नका लिवू,” सुनंदाबाई म्हणाल्या. “तिच्या नावानं तं सारं सुरू केलं तुमी.”

नानांनी सुनंदाबाईंकडं पाहिलं, हिनाकडं पाहिलं, डोळ्यांपुढं सील लागलेली मशीनं आली, आणि त्यांनी सही केली. शिकल्यासवरल्या वकिलाला त्या वाक्यात धोका दिसला नाही, आणि ज्यांना तो कळला त्या सुनंदाबाईंना कुणी विचारलं नाही.

तोडगा लागू पडला. वरच्या कोर्टानं हुकूम दिला, की अधिकाराचा प्रश्न आधी निकालात काढा. खालच्या कोर्टानं शपथपत्र वाचलं आणि ठरवलं, की तोताराम यांचा दिल्लीत धंदा नाही, विक्री त्यांची नाही, दावा कंपनीला परत. सील निघालं. नानांनी लाख खरवडून काढली, ड्रम फिरवला आणि शेडमध्ये पेढे वाटले. जळगावला दावा यायचा तेव्हा येऊ दे, म्हणाले, सारं गाव साक्षीला नेतो. हिनाचं नाव वर्तमानपत्रात आलं. पेटंटच्या दाव्यात जळगावच्या वकिलानं दिल्लीहून परमादेश आणला, म्हणून बार रूममध्ये तिचा सत्कार झाला.

मग एके दिवशी दुपारी झुंबरबाईंचा फोन आला. त्या तेव्हा लेकाकडं दिल्लीलाच होत्या. विहीणबाई स्वतःहून फोन करीत नसत, म्हणून नाना उभे राहूनच बोलले.

“व्याही, आम्हना घरमा कोर्टना कागद उना. पोरीना नावना. सारी गल्लीनी देखं.”

कंपनीनं जळगावला दावा केलाच नव्हता. तिनं दिल्लीतच नवा दावा लावला होता, एकट्या डिंपलवर. चोरीच्या शोधाचं मशीन विकणारी बाई म्हणून. ती दिल्लीची रहिवासी, विक्री दिल्लीत, आता कोर्टाच्या अधिकाराबद्दल कुणाला चकार शब्द काढता येणार नव्हता. आणि ती हे स्वतःच्या जबाबदारीवर करते, याला पुरावा काय, तर तिच्या बापाचं शपथपत्र.

नानांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं सुनंदाबाईंनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. सुनंदाबाई त्यांना काहीही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी बोलायला हवं होतं असं नानांना वाटत राहिलं.

हिनानं नव्या दाव्याचे कागद वाचले आणि तिचाही चेहरा उतरला. “हे मला सुचायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी तुमच्यापुरतंच बघितलं.”

कंपनीच्या वकिलानं डिंपलला निरोपही पाठवला होता. फार काही नको. मशीनमधला रूळ आमच्या शोधाची नक्कल आहे, एवढं लिहून दे, तुझ्यावरचा दावा मागं घेतो. हिनाला त्यातली मेख लगेच कळली. लेकीनं तसं लिहून दिलं, की तोच कागद उद्या जळगावला बापाच्या विरुद्ध येणार.

“लिहून देऊन मोकळी हो म्हणावं तिला,” तरीही ती म्हणाली. “तिच्या दृष्टीनं तेच बरं. आपलं आपण जळगावला बघू.”

नानांनी फोन लावून लेकीला तसं सांगितलं. तिकडून उत्तर आलं, “मी नाई लिवणार. रोज कोर्टात उभं केलं तरी नाई. सासू बोलते, बोलू द्या. रूळ तुमचा हाये.”

नानांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, “हिनाताई, मले घाला त्या दाव्यात.”

“कुठं?”

“दिल्लीच्या. तिच्या बाजूले.”

हिनाला आधी वाटलं, त्यांना नीट कळलेलं नाही. “नाना, तुम्ही स्वतःहून तिथं प्रतिवादी झालात, की ते कोर्ट तुम्ही मान्य केलं. परत उलटून बोलता यायचं नाही. वरच्या कोर्टापर्यंत जाऊन आपण जे आणलं ते पाण्यात जाईल. साक्षी दिल्लीत, मशीन दिल्लीत. हरण्याची शक्यता जास्त आहे.”

“मले समजलं पह्यल्या टायमालेच. तुमी अर्ज लिवा.”

दिल्लीच्या त्या कोर्टात नाना पहिल्यांदा सदेह गेले ते या अर्जासाठी. डिंपल मागच्या बाकावर पियुषशेजारी बसली होती. अर्ज ऐकून कंपनीचा वकील चाट पडला. ज्या माणसाला दिल्लीत ओढायला त्यानं एवढा आटापिटा केला, तोच माणूस दारात उभा होता, आणि आता तो नको होता. एकटी बाई दमवून नमवायला सोपी. सोबत बनवणारा माणूस आला की पेटंटच्या आधीचं सगळं बाहेर येणार. वकील ताडकन उठला आणि म्हणाला, की यांचं कोर्ट दिल्ली नव्हे, हे वरच्या कोर्टाच्या हुकमावरून इथंच ठरलेलं आहे. त्यानं नानांचं शपथपत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं, हिंदीत, सगळ्यांना समजेल असं.

‘डिंपल हिचा डिंपल इंजिनिअरिंग वर्क्सशी कोणताही संबंध नाही.’

डिंपलनं ते आजवर ऐकलेलं नव्हतं. घरी आलेले कागद इंग्रजीत होते, त्यात बापाचं असं काही आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नानांनी मागं वळून पाहिलं. ती बापाकडं बघत होती, आणि तिला नक्की काय झालंय हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं.

“हे तुमचंच शपथपत्र?” न्यायाधीशांनी विचारलं.

“माह्यंच, साहेब.”

“तुम्हीच ना, इथं तुमच्यावर दावा चालू शकत नाही म्हणून वर जाऊन हुकूम आणणारे?”

“मीच.”

“मग आज स्वतःहून कसे आलात?”

नानांनी आपल्या मोडक्या हिंदीत जुळवाजुळव केली, पण ती जुळेना. मग ते आपल्याच बोलीत बोलले आणि हिनानं ते साहेबांना सांगितलं.

“तवा दाव्यात मी व्हतो, साहेब. आता पोर हाये.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “एकच सांगा. मुलीचा तुमच्या धंद्याशी संबंध आहे की नाही? उत्तर द्यायच्या आधी विचार करा. त्याची नोंद होईल.”

हिनानं खालून नानांच्या बाहीला हात लावला. नानांनी तो बाजूला केला नाही, पण थांबलेही नाहीत.

“हाये,” ते म्हणाले.

तशी नोंद झाली. अर्ज मंजूर झाला आणि तोताराम दिल्लीच्या दाव्यात प्रतिवादी क्रमांक दोन झाले. वरच्या कोर्टातून मिळवलेलं सगळं त्या एका शब्दानं गेलं. कंपनीचा वकील खाली बसला, त्याला हसावं की चिडावं हे कळत नव्हतं. हिना पुढची तारीख लिहून घेत होती आणि तिचं पेन दोनदा अडलं.

बाहेर व्हरांड्यात डिंपल भिंतीला टेकून उभी राहिली. पियुष पाणी आणायला गेला. नानांची तिच्याकडं बघायची छाती होईना.

“जिंकलेले व्हते ना तुमी,” ती म्हणाली. “मग कायले आले?”

नाना तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांच्या गर्दीत, तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. तिनं घाबरून इकडंतिकडं पाहिलं, ते हात आपल्या दोन्ही हातांनी धरून खाली केले, आणि मग सोडलेच नाहीत.